बाहुलीच्या टाचा

१९८८ साल होतं. पोप बोगोताला येऊन गेल्याला दोन वर्षं झाली होती आणि आमच्या चढावरच्या वस्तीत अजून नळ आला नव्हता. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, एका शुक्रवारी सकाळी, चर्चच्या सभागृहात तीस-पस्तीस बायांच्या देखत मी एका रबरी बाहुलीला टेबलावर उताणं निजवलं, तिचे पाय सरळ केले आणि तिच्या टाचा एकमेकींना जुळवून पाहिल्या. मी केलं ते एवढंच. आज मला एकोणऐंशी वर्षं पूर्ण झाली आहेत. मधलं बरंच काही पुसट झालं आहे, माणसांचे चेहरे एकमेकांत मिसळतात, पण ते टेबल मला अजून दिसतं. त्यावर पाण्याचा जग, एक कप, चमचा, थर्मामीटर, औषधाची कागदी पुडी आणि गुंडाळलेली पट्टी मांडून ठेवली होती. बाहुलीच्या टाचेपासून पोटरीपर्यंत साच्याची एक बारीक रेघ गेली होती. डावी टाच मला किंचित आखूड वाटली. मी मान हलवली, तळहात एकमेकांवर घासून गरम केले आणि तिच्या पोटावर ठेवले.

"सेन्योरा तेओलिंदा," सेन्योरिता ओफेलिया म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

"मोजतेय."

"काय मोजताय?"

"पाय."

मागच्या बाकावरून माझी शेजारीण साग्रारियो ओरडली, "बूट घ्यायचेत हो तिला, सेन्योरिता!" आणि सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले असेन. माझा दुसरा हात तोवर पट्टीकडे गेलाच होता.

सरकारची ती नवी योजना होती. आमच्यासारख्या वस्त्यांमधून आया पहाटे साडेचारच्या बसला लटकून उत्तरेकडच्या घरांमध्ये धुण्याभांड्याला जायच्या आणि मुलांना आत ठेवून बाहेरून कडी लावायच्या. त्यापेक्षा गल्लीतल्या एका बाईनं आपल्याच घरात पंधरा मुलं दिवसभर सांभाळावीत, पीठ, मसूर, दुधाची पावडर सरकार देईल आणि बाईला थोडं मानधनही मिळेल, असं ठरलं होतं. आधी चाळीस तासांचं शिक्षण, मग परीक्षा. लेखी आणि हातानं करून दाखवायची. करून दाखवायच्या परीक्षेत नापास झालं तर दारावर पाळणाघराची पाटी लागत नसे. माझा नवरा अन्सेल्मो गवंडी. त्यानं दोन रविवार मोडून पुढच्या खोलीत सिमेंटची जमीन केली होती, भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर हात धुवायचं कुंड बसवलं होतं. गल्लीतल्या पंधरा आयांनी मुलांची नावं माझ्याकडे देऊन ठेवली होती. मी स्वतः सतरा वर्षं परक्यांचे कपडे धूत होते, बोटांच्या सांध्यांना भेगा पडल्या होत्या, आणि पंच्याहत्तरीला टेकलेली माझी आई घरात एकटी असायची. ही पाटी मला हवी होती. इतकी हवी होती, की लेखी परीक्षेच्या वेळी पेन्सिलीवर जोर देऊन मी दोनदा टोक मोडलं. लेखीत मी पास झाले. मग सेन्योरितांनी चिठ्ठी वाचली होती: मूल आठ महिन्यांचं आहे, सकाळपासून चार जुलाब, दोन उलट्या, डोळे खोल गेलेत, काय कराल ते करून दाखवा. मी विचार केला नाही. असं मूल समोर आलं की काय करायचं हे माझ्या हातांना माहीत होतं. मूल कुठूनतरी पडलेलं असतं, दचकलेलं असतं, त्याच्या पोटातली पिशवी जागची सरकलेली असते. पोट सरकलं की एक पाय आखूड होतो. टाचा जुळवायच्या, पोट खालून वर चोळायचं, मुलाला पाय धरून उलटं करायचं, तळव्यांवर तीन थापट्या मारायच्या आणि पट्टी घट्ट बांधून टाकायची. मी जिथून आले त्या बोयाकाच्या डोंगरांत हे कोणालाही विचारा.

सेन्योरिता ओफेलिया जवळ आल्या आणि त्यांनी माझ्या हातातली पट्टी हळूच काढून घेतली. पंचविशीतली मुलगी, दोन बस बदलून यायची आणि सभागृहाच्या दारात बुटांचा चिखल काडीनं काढायची. वाईट नव्हती. हातांना साबणाचा वास यायचा.

"हसू नका," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "तुमच्यातल्या निम्म्या जणींनी घरी हेच केलं असतं. पोट सरकत नाही. पाय आखूड होत नाही. मुलाच्या अंगातलं पाणी निघून जात असतं. टाळू खोल जाते, जीभ कोरडी पडते, रडलं तरी डोळ्यांत पाणी येत नाही. मूल जुलाबानं मरत नाही, बायांनो, तहानेनं मरतं. म्हणून त्याला पाणी द्यायचं. उकळून गार केलेलं एक लिटर, त्यात ही पुडी, आणि चमच्या-चमच्यानं पाजत राहायचं. ओकलं तर थोडं थांबायचं, पुन्हा पाजायचं. पुडी नसेल तर मीठ, साखर, पाणी. बुधवारी मी हेच शिकवलं होतं."

बुधवारी मी नव्हते. बुधवारी आमच्या गल्लीची रॉकेलची पाळी होती आणि मी डबा घेऊन सहा तास रांगेत उभी होते. पण ते मी सांगितलं नाही. सभागृहाच्या खिडकीची एक काच तडकली होती आणि तडा वाढू नये म्हणून कोणीतरी तिच्यावर निळी चिकटपट्टी लावली होती. पट्टीची एक कड सुटली होती आणि वाऱ्यानं हलत होती. मी ती पाहत राहिले. तहानेनं, हा शब्द त्या बाईनं उच्चारला होता, तो ऐकू आला होता, पण तो अजून माझ्यापर्यंत पोचला नव्हता. पोचेल एवढं मात्र समजत होतं. उशाला घेतलेला हात बधिर होतो, आपण दुसऱ्या हातानं तो उचलून बाजूला ठेवतो आणि मुंग्यांची वाट बघत बसतो, तसं काहीसं. सेन्योरितांनी कागदावर माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुवारी पुन्हा या. पुन्हा घेता येते एकदा. एकदाच." आणि टेबलावरची पुडी त्यांनी माझ्या एप्रनच्या खिशात घातली, सरावासाठी.

चढावरच्या पायऱ्या मी मोजत नसे, त्या दिवशीही मोजल्या नाहीत. वर ढग उतरले होते. पाण्याच्या टँकरमागे पिंपं घेऊन पोरी धावत होत्या, कोणाच्या तरी घरातून जवाच्या सुपाचा वास येत होता. १९६७ च्या जूनमध्ये बोयाकात आमच्या घरातही हाच वास होता. मी एकवीस वर्षांची होते आणि एलिएसेर आठ महिन्यांचा. त्याला उठून बसायला नुकतंच येऊ लागलं होतं. बसला की स्वतःच्याच अचंब्यानं दोन्ही हात वर करायचा आणि त्यामुळे मागे पडायचा. असाच एकदा पडला आणि दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब लागले, म्हणून आम्ही काय समजायचं ते समजलो. माझी आई, दोन्या त्रान्सितो, त्या साऱ्या पट्ट्यात नावाजलेली. तिच्या हाताला गुण होता. तीन-तीन डोंगर ओलांडून लोक मुलं घेऊन यायचे, जाताना अंडी ठेवून जायचे. तिनं एलिएसेरच्या टाचा जुळवल्या, डावी बोटभर आखूड निघाली. तिनं पोट चोळलं तेव्हा मी त्याचे हात धरले होते. उलटं केलं तेव्हा खाली हात पसरून उभी होते, निसटला तर झेलायला. पट्टी मी बांधली. मग आई म्हणाली, "पाणी देऊ नकोस. पाण्यानं पोट आणखी सैल होतं." अंगावरचं दूध माझं आधीच आटलं होतं. मी बाहेर दगडावर त्याचे लंगोट धुवायचे, आत येऊन त्याला उचलायचे, तर तो माझं ओलं बोट धरून तोंडात घालायचा आणि चोखायचा. काय जोर होता त्याच्यात तेव्हासुद्धा. आई म्हणाली, "बोट काढ." मी काढलं. त्यानंतर मी त्याला उचलायच्या आधी हात एप्रनला पुसायला लागले. बोटांच्या मधूनसुद्धा, नखांच्या कडांनासुद्धा, अगदी कोरडे होईपर्यंत. दीड दिवस मी हे केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. आमच्याकडे तान्ह्या मुलाला पांढरे कपडे घालतात, कागदाचे पंख लावतात, टेबलावर बसवतात आणि त्याच्यासाठी रडत नाहीत, कारण आईच्या डोळ्यांतल्या पाण्यानं पंख भिजले तर मूल वर जाऊ शकत नाही. मी रडले नाही. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

घरी आले तेव्हा आई दारात उन्हाच्या तुकड्यात बसून वालाच्या शेंगा सोलत होती.

"झाली का गं पास?"

"नाही, आई. गुरुवारी पुन्हा आहे."

"काय विचारलं एवढं?"

"आकडे विचारले. मला आकडे आले नाहीत."

"तुला आकडे येतात की."

"आज नाही आले."

तिनं एक शेंग दोन बोटांनी चिरडली, दाणे टोपलीत पडले. "मला न्यायचं होतंस," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं त्या पोरीला. या हातांखालून किती मुलं गेली, विचार म्हणावं बोयाकात."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. किती गेली, हे मी त्या दिवसापासून मोजायला लागले. मोजायचं म्हणून नव्हे. कपडे पिळताना, बटाटे सोलताना आपोआप व्हायचं. पॅचोकाकाची मुलगी जगली होती. ती अंगावर पीत होती. गिरणीवाल्याचे दोन्ही जुळे गेले. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका बाईचं मूल वाचलं, पण ती ऐकणारी नव्हती, चोरून गुळाचं पाणी पाजत होती म्हणून आई तिला किती बोलली होती. अशी एकेक मुलं यायची, एकेक बाजूला जाऊन बसायची. मला काही वाटत नव्हतं, हे खरं सांगते. दुःख व्हावं म्हणून मी एकदा मुद्दाम एलिएसेरचा चेहरा आठवून पाहिला, तर चेहरा आलाच नाही, फक्त एप्रनचं कापड आलं, निळ्या चौकड्यांचं, पुसून पुसून खरखरीत झालेलं.

संध्याकाळी अन्सेल्मोला सांगितलं. तो सूप पीत होता. "परत घेतात ना? मग झालं," तो म्हणाला. "गुरुवारी जा, त्या बाहुलीला पाणी पाज आणि ये." चमचा तोंडाकडे नेता नेता त्याचा हात थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, वाडग्यात पाहिलं. एलिएसेर त्याचाही होता. एकवीस वर्षांत आम्ही ते नाव घेतलं नव्हतं, भांडणातसुद्धा नाही. मग त्यानं चमचा तोंडात घातला आणि मीठ मागितलं. मी मीठ दिलं.

शनिवारी साग्रारियो आली. तोलिमाकडची बाई, गरम मुलखातली, तोंडाला कुलूप नाही. ती पहिल्याच फटक्यात पास झाली होती आणि पाटी कुठे ठोकायची यावरून जावयाशी भांडून आली होती.

"शेजारीणबाई, तुम्ही उगाच तोंड पाडून बसलात," ती खुर्ची ओढत म्हणाली. "मला सांगा, पाद्रीबाबांना तुम्ही सगळं खरं सांगता?"

"नाही."

"मग? सेन्योरिताला जे हवं ते सेन्योरिताला द्यावं, मुलाला जे हवं ते मुलाला. तिथे म्हणायचं, पुडी, लिटर, चमचा. पुडी, लिटर, चमचा. पोपटसुद्धा पास होईल. घरी दोन्या त्रान्सितो आहेतच."

"तुम्हाला काय वाटतं, साग्रारियो? खरं काय असेल?"

"मला वाटतं, त्या पोरीला अजून एकसुद्धा मूल झालेलं नाही," ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली. आतून आईही हसली. तिला आमचं बोलणं किती ऐकू आलं होतं कोण जाणे.

पुडी, लिटर, चमचा हे मलाही येत होतं. शुक्रवारी एकदा ऐकलं तेच कायमचं आलं होतं. अडचण न येण्याची नव्हती. ते मी गुरुवारी लोकांसमोर करून दाखवलं, तर १९६७ साली मी काय केलं हे मला कळलंय असं होणार होतं. आणि मला कळलं, की माझ्या घरात, माझ्या चुलीशी, माझ्या हातचं जेवत असलेल्या आईनं काय केलं तेही कळलं, असं होणार होतं. नाही दाखवलं, तर पाटी नाही, पुढची खोली पुन्हा बटाट्याच्या पोत्यांची, आणि पंधरा मुलं कडीआड. मी हे दोन्ही समोरासमोर ठेवून पाहत असे आणि मला जांभई येत असे. त्या आठवड्यात मी फार जांभया दिल्या. रविवारी चर्चमध्ये गेले नाही. सोमवारी उत्तरेकडच्या बाईंच्या घरी एकच चादर तीनदा धुतली. बाई म्हणाल्या, "तेओलिंदा, निघालाय तो डाग." मी म्हटलं, "हो," आणि पुन्हा साबण लावला.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला साग्रारियो पुन्हा आली, पण खुर्ची न ओढता. तिच्या शालीत तिची नात होती, येनी, दहा महिन्यांची. लेक कामावर गेलेली.

"दोन्या त्रान्सितो," ती दारातूनच म्हणाली, "हिचं पोट सरकलंय. परवा खाटेवरून पडली. रात्रभर चाललंय, खालून आणि वरून."

चार दिवसांपूर्वी हीच बाई सगळं बरोबर बोलून पास झाली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली. आईनं मांडीवरचं फडकं झटकलं, चुलीवर हात शेकले, खोबरेल तेल घेतलं आणि येनीला खाटेवर उताणं घातलं. पाय सरळ केले. टाचा जुळवल्या. "डावी," ती म्हणाली. साग्रारियोनं क्रूसाची खूण केली. येनी रडत होती, म्हणजे तिचं तोंड रडण्याचं होतं, पण आवाज दाराच्या बिजागरीसारखा बारीक. मी वाकून तिच्या डोळ्यांखाली बोट लावलं. गाल कोरडा होता. दुसरा गाल पाहिला, तोही कोरडा. ओठांच्या कोपऱ्यांत पांढरं चिकट काहीतरी साठलं होतं. माझे हात मला दिसत होते आणि ते एप्रनला घासले जात होते. ते थांबवायला मला थोडा वेळ लागला.

मग मी स्वयंपाकघरात गेले. उकळून ठेवलेलं पाणी झाकणाखाली गार झालं होतं. मी ते सोड्याच्या लिटरच्या बाटलीनं मोजलं, पातेल्यात ओतलं, खिशातली पुडी दातांनी फाडली. सगळं फार सावकाश होत होतं, किंवा मला तसं वाटत होतं. कप आणि चमचा घेऊन मी खाटेशी आले, तशी आई मान वर न करता म्हणाली, "तेओ, पाणी देऊ नकोस. पाण्यानं पोट आणखी सैल होतं."

तेच शब्द, तोच आवाज. एकवीस वर्षांत आवाजसुद्धा म्हातारा झाला नव्हता. मी उभी राहिले. ओरडून सांगावंसं वाटलं, असं लिहायला हवं, पण तसं काही वाटलं नाही. कप जड होता एवढंच.

"पाणी नाही, आई," मी म्हटलं. "औषध आहे. सरकारनं दिलंय."

आता तिनं वर पाहिलं. "कसलं औषध?"

"पोटाचं."

"कडू आहे?"

मी चमचाभर चाखलं. "खारट आहे."

आईनं विचार केला. चव असलेल्या औषधावर तिचा विश्वास होता. "मग दे," ती म्हणाली.

पहिले तीन चमचे येनीनं ओकून टाकले. मी थांबले. पुन्हा दिला. साग्रारियोनं तिचं डोकं धरलं होतं, आणि जी बाई शनिवारी हसत होती ती आता डोळे मिटून पुटपुटत होती, पुडी, लिटर, चमचा, पुडी, लिटर, चमचा, माळ ओढावी तसं. आईचा तेलकट तळहात येनीच्या पोटावर फिरत होता. त्यालाही मी हरकत घेतली नाही. पंधराव्या-विसाव्या चमच्याला येनीनं चमचाच दातांनी, म्हणजे हिरड्यांनी, पकडला आणि सोडेना. काय जोर होता. मी चमचा तिथेच राहू दिला. शाळेची पोरं चढ उतरून परत आली, दुपार झाली, पातेल्याचा तळ दिसायला लागला आणि माझ्या मांडीवर काहीतरी गरम पसरलं.

"मुतली!" साग्रारियो किंचाळली. "अहो बघा, मुतली माझी बाय! शेजारीणबाई, तुमचा घागरा गेला!" आणि ती हसत-रडत येनीच्या ओल्या ढुंगणाचे मुके घ्यायला लागली.

"बघ," आई समाधानानं म्हणाली, "बसलं पोट जागेवर." आणि तेलाचे हात पुसायला उठली.

मी तशीच बसून राहिले. घागरा आधी गरम होता, मग गार झाला.

गुरुवारी सभागृहात फार बाया नव्हत्या, आठ-दहा, माझ्यासारख्या पुन्हा आलेल्या, आणि साग्रारियो, तिला कोणी बोलावलं नव्हतं. टेबलावर तीच बाहुली. "सुरू करा, सेन्योरा तेओलिंदा," सेन्योरिता म्हणाल्या. मी पाणी मोजलं, पुडी टाकली, ढवळलं, चाखलं. बाहुलीला उचलून मांडीवर घेतलं आणि तिचं डोकं कोपराच्या खळगीत टेकवलं. तिचं तोंड नुसतं रंगवलेलं होतं, त्यामुळे पाणी हनुवटीवरून गळ्यात आणि तिथून माझ्या बाहीत जात होतं. पहिला चमचा. दुसरा. तिसरा.

"छान," सेन्योरिता म्हणाल्या. "पुरे."

मला ऐकू आलं होतं. मी चौथा चमचा भरला. घाई करायची नाही असं त्यांनीच सांगितलं होतं, म्हणून मी घाई करत नव्हते. पाचवा, सहावा. कोणी हसलं नाही. बाही कोपरापर्यंत भिजली, मग कमरेपाशी गार लागलं. कप संपला तशी मी जगमधून पुन्हा भरून घेतला. सेन्योरितांनी आणखी एकदा माझं नाव घेतलं आणि मग घेतलं नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. नंतर साग्रारियो म्हणायची की अर्धा लिटर तरी गेलं असेल, आणि दर वर्षी त्यात भर घालायची. शेवटी तीच आली, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"शेजारीणबाई," ती एवढ्या हळू बोलू शकते हे मला माहीत नव्हतं, "पोट भरलं त्याचं. आता निजू दे."

त्याचं, ती म्हणाली. मी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं. मी अजून एक चमचा दिला आणि थांबले. सेन्योरितांना कागदावर काहीतरी लिहायचं होतं, पण पेन उमटेना, म्हणून त्यांनी कोणाकडे तरी दुसरं मागितलं आणि लिहिलं. मी पास झाले होते.

पाटी सप्टेंबरात लागली. पुढच्या खोलीत मी सव्वीस वर्षं मुलं सांभाळली, म्हणजे चारशेच्या आसपास झाली असतील. त्यातली काही रस्त्यात भेटली की वाकून गालाचा मुका घेतात आणि मी ओळखल्यासारखं करते. सेन्योरिता ओफेलियांची पुढच्याच वर्षी पूर्वेकडच्या मैदानी मुलखात बदली झाली. तिथे त्यांनी गुरांच्या डॉक्टरशी लग्न केलं. काही वर्षं नाताळात पत्र यायचं, नंतर बंद झालं. साग्रारियोनं अकरा वर्षं पाटी चालवली. मग तिची फुप्फुसं थकली. २००७ साली गेली, हॉस्पिटलमध्ये, शेजारच्या खाटेवरच्या बाईला माझ्या बाहुलीची गोष्ट सांगता सांगता. येनी माद्रिदजवळ एका म्हाताऱ्या स्पॅनिश बाईला सांभाळते, फोनवर खूप बोलते, तिला यातलं काही माहीत नाही. अन्सेल्मो त्र्याण्णवमध्ये परांचीवरून पडला, गुडघा वाकेनासा झाला, पण त्यानंतरही अठरा वर्षं होता. शेवटच्या वर्षी एकदा, दाढी करता करता, त्यानं आरशातूनच विचारलं, "तो आता केवढा असता गं?" मी म्हटलं, "चव्वेचाळीस." "म्हणजे टक्कल पडलं असतं," तो म्हणाला, आणि पुढची दाढी करायला लागला.

आई आणखी अकरा वर्षं जगली. येनीनंतर तिचं नाव चढावर झालं, मग चढाच्या पलीकडेही. लोक मुलं घेऊन येत राहिले. मी दारात असायचे. आधी मूल माझ्याकडे, स्वयंपाकघरात, खारट औषधाचे चमचे. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरांकडे जायला चिठ्ठी आणि बस. मग आईकडे, टाचा जुळवायला. एकही मूल गेलं नाही. दोन्या त्रान्सितोच्या हाताला केवढा गुण आहे, असं लोक म्हणायचे आणि ती मान हलवायची, बोयाकात असताना हलवायची तशीच. शेवटच्या हिवाळ्यात तिला दिसत नव्हतं. एका दुपारी मी तिला उन्हात बसवलं होतं. मला वाटलं ती झोपली.

"तेओ," ती म्हणाली, "ते खारट औषध आपल्या वेळी नव्हतं ना गं?"

"नाही, आई," मी म्हटलं. "नव्हतं. ते नंतर निघालं."

"मग आपण काय करणार," आई म्हणाली.

मी हो म्हटलं आणि तिच्या पाठीमागची उशी सारखी केली.